आधी कात्री, मग मोबाइल

मुलांना घरी शिकायला इंटरनेटवर चांगलं काय आहे, असं विचारलंस ना? सांगते. पण त्याआधी घरात एक खोका तयार कर. बुटांचा रिकामा खोका चालेल. त्यात बोथट टोकाची कात्री, डिंक, सेलोटेप, सुतळी, मोजपट्टी, पाठकोरे कागद, काडेपेटीच्या रिकाम्या डब्या, शर्टाची सुटलेली बटणं, जुने सेल असं जे सापडेल ते टाक. हा खोका मोबाइलच्या शेजारी ठेवायचा. मोबाइल उघडला की खोकाही उघडला पाहिजे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर पहिली ते चौथी शिकवल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. लहान मूल डोळ्यांनी कमी आणि हातांनी जास्त शिकतं. पडद्यावर पाहिलेली गोष्ट हातात, कागदावर, गच्चीवर किंवा निदान तोंडी उतरली तरच ती त्याची होते, नाहीतर संध्याकाळपर्यंत विसरली जाते. म्हणून कुठलंही ॲप, कुठलंही संकेतस्थळ निवडताना एवढंच बघ: हे पाहून झाल्यावर माझं मूल उठून काहीतरी करायला लागतं की आणखी एक बघू म्हणत तिथेच बसून राहतं? जे उठवतं ते घरात ठेव. जे बसवून ठेवतं ते कितीही रंगीत असलं, कितीही शैक्षणिक म्हणवलं तरी काढून टाक.

धाकटीपासून सुरू करते, कारण ती आत्ता वाचायला लागली आहे आणि हे दिवस परत येत नाहीत. तिच्यासाठी स्टोरीवीव्हर उघड. प्रथम बुक्स या संस्थेने 2015 मध्ये सुरू केलेलं हे गोष्टींच्या पुस्तकांचं मोफत भांडार आहे. मराठीत भरपूर पुस्तकं आहेत, चित्रं देखणी आहेत, आणि गोष्टींना एक ते चार अशा पातळ्या दिलेल्या आहेत. पहिल्या पातळीवर पानावर एखाददुसरं सोपं वाक्य, चौथ्या पातळीवर सलग वाचणाऱ्या मुलाला पुरेल अशी मोठी गोष्ट. मूल सहावीत आहे म्हणून चौथी पातळी, असं करू नकोस. इंग्रजी माध्यमातल्या मोठ्या मुलालाही मराठी वाचताना दुसऱ्या पातळीपासून सुरुवात करावीशी वाटते, आणि ते अगदी बरोबर आहे. अडखळायला लागलं की एक पायरी खाली ये. वाचताना आनंद टिकला तर पातळी आपोआप चढते.

तिथली पुस्तकं उतरवून घेता येतात, छापता येतात, दुसऱ्याला देता येतात. परवाना तसाच खुला आहे. तेव्हा तिला जी गोष्ट फार आवडली असेल ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये काढून आण, मधोमध दुमडून सुईदोऱ्याने शिव आणि रंगवायला दे. स्वतः रंगवलेलं, स्वतः शिवलेलं पुस्तक मुलं उशाशी घेऊन झोपतात. थोरल्याला वेगळं काम दे. तीच गोष्ट इंग्रजीत उघडायची आणि मराठीत सांगायची, धाकटीला कळेल अशा भाषेत. त्याला शाळेतल्या कुठल्याही व्याकरणाच्या गृहपाठापेक्षा जास्त विचार करावा लागेल, कारण समोर बसलेली बहीण ‘म्हणजे काय?’ असं विचारल्याशिवाय राहणार नाही.

दुसरं माझं लाडकं ठिकाण म्हणजे ‘किशोर’चं संग्रहालय. बालभारती 1971 पासून हे मासिक काढते आहे, आणि त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. तू लहान असताना आपल्याकडे यायचं तेच. मराठीतल्या मोठमोठ्या लेखकांनी आणि चित्रकारांनी त्यात मुलांसाठी मनापासून काम केलेलं आहे. नुसतं वाच म्हटलं तर थोरला वाचणार नाही, म्हणून त्याला शोध घ्यायला लाव: आईच्या जन्मवर्षातला एक अंक काढ आणि त्या वेळच्या मुलांना काय वाचायला मिळत होतं ते आम्हाला जेवताना सांग. मग बघ. जाहिराती, चित्रांची धाटणी, पोस्टाचे पत्ते, किमती, सगळं त्याला नवलाचं वाटेल आणि त्या नादात तो दोन गोष्टी आणि एक कविता वाचून मोकळा होईल. आजोबांच्या शाळेच्या वर्षातला अंक काढलास तर आजोबाही येऊन बसतील.

पाठ्यपुस्तकांची वेगळी चिंता करू नकोस. बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये आहेत, आणि छापील पुस्तकातल्या धड्यांपाशी जे चौकोनी क्यूआर कोड असतात ते 2017 मध्ये सुरू झालेल्या दीक्षा ॲपवरून उघडतात. धडा कळला नाही तर ते बघावं. पण शाळेची पुस्तकं घरच्या मजेत फार मिसळू नयेत. मुलं हुशार असतात, वेष बदलून आलेला गृहपाठ ती लगेच ओळखतात.

आता अरविंद गुप्ता. इथे जरा वेळ घेऊन सांगते, कारण इंटरनेटवर एकच ठिकाण निवडायला सांगितलं असतं तर मी हेच निवडलं असतं. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेला हा माणूस मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेला, आणि खेड्यातल्या मुलांच्या हाताशी असलेल्या वस्तूंतून विज्ञान कसं शिकवता येईल याचाच त्याने ध्यास घेतला. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं. ही शोधिका पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर कचऱ्यातून करायची शेकडो खेळणी आहेत, पायरीपायरीच्या फोटोंसह आणि छोट्या फिल्मांसह. अनेक फिल्मा मराठीत आहेत. शिवाय मुलांची आणि शिक्षणावरची पुस्तकंही आहेत, मराठी पुस्तकंही पुष्कळ, सगळी मोफत.

सुरुवात स्ट्रॉच्या पिपाणीने कर. शहाळ्याच्या गाडीवरची साधी स्ट्रॉ घ्यायची, कागदी असली तर घट्ट कागदाची. एक टोक दातांनी किंवा नखाने दाबून चपटं करायचं आणि कात्रीने दोन्ही बाजूंनी तिरपं कापून त्याला बाणाच्या टोकासारखा आकार द्यायचा. ते टोक ओठांच्या आत धरून जोरात फुंकलं की पिपाणी वाजते. पहिल्यांदा वाजणार नाही. टोक आणखी चपटं करावं लागतं, ओठांत थोडं आत-बाहेर करावं लागतं. वाजायला लागली की खरी गंमत पुढे आहे: एकाने वाजवत राहायचं आणि दुसऱ्याने दुसरं टोक कात्रीने थोडं थोडं कापत जायचं. स्ट्रॉ आखूड होत जाते तसा आवाज चढत जातो. मुलं हसून लोळतात. मग बासरीवरची भोकं बोटांनी उघडत गेलं की सूर का चढतो, हे तुला समजावून सांगावं लागत नाही. नळीतली हलणारी हवा आखूड झाली की सूर वर जातो, हे मुलांच्या ओठांना कळलेलं असतं.

थोरल्याला काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणून दे. सायकल दुरुस्तीच्या दुकानात ही काळी बारीक नळी हातभर मिळते, फार पैसे पडत नाहीत. काड्यांचा गुल आधी खरवडून काढायचा, हे तू स्वतः कर. नळीचे छोटे तुकडे म्हणजे सांधे. तीन काड्या जोडल्या की त्रिकोण, चार जोडल्या की चौकोन. आता दोन्ही दाबून बघ म्हणावं. चौकोन एका बाजूला कलंडतो, त्रिकोण हलत नाही. चौकोनात एक तिरपी काडी बसवली की तोही ताठ होतो, कारण त्याचे दोन त्रिकोण झाले. एवढं झालं की त्याला बाहेर घेऊन जा आणि विजेचे मोठे टॉवर, कारखान्याच्या पत्र्याखालच्या कैच्या, रेल्वेच्या लोखंडी पुलाच्या बाजू दाखव. सगळीकडे त्रिकोण. त्याला ते आपलं आपण दिसू दे, तू बोट दाखवू नकोस.

सुट्टीत मोठं काम हवं असेल तर अरविंद गुप्तांच्याच संकेतस्थळावरची छोटी विजेची मोटर करा. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक गोल चुंबक आणि तांब्याची वाइंडिंगची तार लागते. तार मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे मागितली तर हातभर तुकडा सहसा तो तसाच देतो. तारेवर वार्निशचा थर असतो. वेटोळ्याच्या एका टोकाचा थर सगळ्या बाजूंनी खरवडायचा आणि दुसऱ्या टोकाचा फक्त एकाच बाजूने. नव्वद टक्के घरांत मोटर फिरत नाही ती इथेच चुकल्यामुळे, हे मी माझ्या वर्गांच्या अनुभवावरून सांगते. फिरली नाही तर तू लगेच हात घालू नकोस. फिल्म पुन्हा लावू दे, थांबवून बघू दे, आपली आणि त्यांची तार शेजारी धरून फरक शोधू दे. व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन, बारकाईने बघणं हे मुलाला आलं की तो व्हिडिओ वापरायला शिकला असं समज.

गणिताचं सांगते. अपूर्णांक, तराजू, विजेचं सर्किट अशा गोष्टींसाठी फेट नावाच्या आभासी प्रयोगांचा संग्रह उत्तम आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये तो सुरू केला. फुकट आहे, जाहिराती नाहीत, काही प्रयोग मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतले की नेट लागत नाही. त्यातला सी-सॉचा प्रयोग थोरल्याला दे. फळीवर वेगवेगळ्या अंतरावर वजनं ठेवायची आणि ती कुठे झुकेल याचा अंदाज आधी सांगायचा. दहा मिनिटांनी लॅपटॉप बंद कर, पेन्सिलीवर आडवी मोजपट्टी ठेव आणि रुपयाची नाणी दे. मधल्या टेकूपासून 5 सेंटिमीटरवर दोन नाणी ठेवली तर दुसऱ्या बाजूला एकच नाणं किती लांब ठेवावं लागेल? त्याला 10 सेंटिमीटर हे उत्तर ठाऊक असेल, तरीही मोजपट्टी काही सहज तोलणार नाही. पडद्यावरची फळी गुळगुळीत आणि शहाणी असते, खरी पट्टी पेन्सिलीवरून घरंगळते, नाणं जरासं इकडे-तिकडे होतं. या खटपटीतच खरं विज्ञान शिकतात मुलं, म्हणून ती गाळू नकोस.

खान अकादमीचं नाव तू ऐकलंच असशील. सलमान खान नावाच्या अमेरिकेतल्या तरुणाने दूर राहणाऱ्या, नात्यातल्या एका बहिणीला फोनवरून गणित शिकवायला सुरुवात केली, त्यातून 2008 मध्ये ही ना-नफा संस्था उभी राहिली. लहान मुलांसाठी त्यांचं वेगळं मोफत ॲप आहे, दोन ते आठ वर्षांसाठी, जाहिरातींशिवाय. ते इंग्रजीत आहे, तेव्हा धाकटीसोबत बसूनच वापर. थोरल्याला सरावाला चांगलं, पण रोज एकच मुद्दा, तोही वहीत सोडवत.

स्क्रॅचबद्दल मात्र आग्रहाने सांगते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या मिचेल रेझनिक यांच्या गटाने 2007 मध्ये ते सगळ्यांना खुलं केलं. साधारण आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी आहे. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे आणि पडद्यावरच्या मांजराला चालायला, बोलायला, वळायला लावायचं. पाच ते सात वर्षांच्यांसाठी स्क्रॅच ज्युनिअर आहे, त्यात वाचता येण्याची गरज नाही. सगळं मोफत. थोरल्याला खेळ बनव असं एकदम सांगू नकोस, तो घाबरेल किंवा दुसऱ्याचा खेळ उघडून नुसता खेळत बसेल. त्याला सांग, तुझी आणि बहिणीची आजची भांडणाची गोष्ट बनव: ती काय म्हणाली, तू काय म्हणालास, मग आई आली. दोन पात्रं, पाच-सहा वाक्यं. आपला आवाजही त्यात भरता येतो. मांजर भिंतीतून आरपार गेलं, वाक्यं एकमेकांवर आदळली, की कुठला ठोकळा चुकला हे त्याला शोधावं लागेल. संगणकावर उतरवून घेतलेलं स्क्रॅच वापर. म्हणजे अनोळखी लोकांच्या प्रतिक्रियांचा प्रश्नच येत नाही.

आकाशाकडे येऊ. स्टेलेरियम नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, संगणकावर तुमचं गाव आणि तारीख निवडली की त्या रात्रीचं आकाश दिसतं. पावसाळ्यात वर ढगच असतात, म्हणून हा खेळ दिवाळीनंतर कर. डिसेंबरात रात्री आठ-नऊच्या सुमाराला पूर्वेकडे मृग नक्षत्र उगवलेलं असतं, मधले तीन तारे ओळीत, त्यांच्या रेषेत खाली गेलं की लखलखणारा व्याध. आधी पडद्यावर शोधा, मग दिवा बंद करून गच्चीवर जा आणि पडदा न नेता शोधा. आणि आता एक गुपित सांगते, जे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. शेतकरी म्हणतात, मृग लागला, पाऊस येणार. पण जूनमध्ये रात्री मृग नक्षत्र दिसतच नाही! मग लागला म्हणजे काय? स्टेलेरियममध्ये 8 जूनची दुपार निवड आणि वातावरण दाखवणारं बटण बंद कर. निळं आकाश जातं, दिवसाढवळ्या तारे दिसू लागतात, आणि सूर्य मृगाच्या शेजारी जाऊन बसलेला दिसतो. मृग लागला म्हणजे सूर्य मृगात आला. आपल्या गावचे शेतकरी कधीपासून सूर्याची जागा ताऱ्यांवरून मोजत आले आहेत, हे मुलांना असं दिसलं पाहिजे. त्यानंतर पंचांगातली सगळी पावसाळी नक्षत्रं, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, ती स्वतः तारीख बदलून बघतील.

पक्ष्यांचंही असंच. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मर्लिन हे मोफत ॲप फोटोवरून आणि पुष्कळदा आवाजावरून पक्षी ओळखून देतं. पण माझा नियम असा की आधी वही, मग ॲप. पक्षी दिसला की मुलांनी लिहायचं: केवढा आहे, चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? चोच कशी, शेपूट कशी, जमिनीवर की फांदीवर, काय करत होता? मग अंदाज. मग ॲप. उन्हाळ्यात भर दुपारी कुठूनतरी टुक टुक टुक असा एकसुरी आवाज येत असतो ना, तो तांबट. हा पक्षी छोटा, हिरवा, कपाळ लाल, आणि पानांत असा दडतो की आवाज ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्याला पाहिलेला असतो. त्याला शोधण्यात एक अख्खी सुट्टीची दुपार जाईल, जाऊ दे. फेब्रुवारीत जगभर चार दिवस पक्षी मोजण्याचा उपक्रम असतो, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. खिडकीत पंधरा मिनिटं उभं राहून दिसलेले पक्षी मोजायचे आणि ई-बर्डवर नोंदवायचे. तुमच्या सोसायटीतली कबुतरं आणि कावळेही शास्त्रज्ञांच्या नोंदीत जातात. आपण मोजलेलं कुणीतरी खरंच वापरतं हे मुलांना कळलं की ती मोजताना खोटं बोलत नाहीत.

झाडं-किड्यांसाठी सीक नावाचं ॲप आहे. ते लहान मुलांचाही विचार करून केलेलं असल्यामुळे त्यात खातं उघडावं लागत नाही. बुद्धिबळाची आवड असेल तर लीचेस हे ठिकाण पूर्ण मोफत आहे, जाहिरात नाही, आणि त्यात मुलांसाठीची सोय चालू केली की अनोळखी लोकांशी गप्पा बंद होतात. ती आधी चालू कर. नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकली तेव्हापासून आपल्या नात्यातल्या चार घरांत पट उघडला गेला आहे, मला फार बरं वाटतं. कोडी पडद्यावर सोडवा, पण डाव खऱ्या पटावर खेळा. सोंगटीला हात लागला की ती चालवावी लागते, ही शिस्त माउसने येत नाही. संगीतासाठी क्रोम म्युझिक लॅब बघ, त्यातला एक भाग आवाजाचं चित्र काढतो. धाकटीला त्यासमोर शिट्टी, टाळी, कुजबुज आणि तुझी हाक असं वेगवेगळं करून बघू दे.

तुमचं गाव गुगल अर्थवर उघडाच. आमच्या वेळी तिसरीला जिल्ह्याचा भूगोल शिकवताना मी भिंतीवरचा एक नकाशा वर्षभर वापरायची. आता घरातून नदी दिसते, धरण दिसतं, किल्ल्याची तटबंदी दिसते. त्यातल्या कालप्रवासाच्या सोयीत 1984 पासूनची उपग्रहचित्रं आहेत. हिंजवडी किंवा नवी मुंबई तिथे कशी भरत गेली ते मुलांना दाखव, आणि मग आजोबांना विचारायला लाव, इथे आधी काय होतं? ते बोलायला लागले की पडदा बंद करायचा.

यूट्यूबचं काय, असं विचारशील. चांगलंही तिथेच आहे आणि गाळही तिथेच आहे. हल्ली यंत्राने बनवलेली कार्टून्स आणि चुकीच्या माहितीचे व्हिडिओ लहानांसाठी म्हणून ढिगाने येत आहेत. तेव्हा मुलांचं वेगळं यूट्यूब घे आणि पालकांच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त तू निवडलेलेच व्हिडिओ दिसतील असं करून टाक. शोधण्याची सोय बंद कर, आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होणं बंद कर. त्याला तासभर लागेल, पण तो तास काढच. शक्यतो मोबाइलऐवजी टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर दाखव. पडदा डोळ्यांपासून लांब राहतो आणि सगळ्यांना दिसतो. कानात इअरफोन नको, घरात काय चाललंय ते तुला ऐकू आलं पाहिजे. जेवताना नको, झोपण्याआधी नको.

किती वेळ, याबाबत बालरोगतज्ज्ञांचं ऐक. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं असं की दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा नकोच, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. तुझी दोघं मोठी आहेत, तरी बसण्याआधीच किती वेळ ते ठरवून भिंतीवरच्या घड्याळात दाखव. दर वीस मिनिटांनी खिडकीतून वीस फूट लांबचं काहीतरी वीस सेकंद बघायचं, डोळ्यांसाठी. वेळ संपली की तू सांगायच्या आधी घड्याळ सांगतं, म्हणून भांडण कमी होतं.

पैसे घेणाऱ्या कोर्सेसच्या भानगडीत घाईने पडू नकोस. आपल्या ओळखीतल्या एका घरी एक मोफत तास म्हणून सुरू झालं आणि पुढे रोज फोन, मग वर्षाची फी हप्त्याने, मग मुलाचं लक्ष उडाल्यावरही हप्ते चालूच. मी वर सांगितलेल्यात कशालाच पैसे पडत नाहीत. निदान वर्षभर हे पुरतं. मुलाला खरोखर एखाद्या गोष्टीची ओढ लागली, ती टिकली, तर मग शिक्षक शोध, शक्य असेल तर चालत जाता येईल अशा अंतरावरचा.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर शाळांमधून व्याख्यानं द्यायचे तेव्हा मुलं त्यांची सही मागायची. ते म्हणायचे, सही नको, एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, उत्तराखाली सही करून पाठवतो. ही रीत तू घरात आण. फ्रिजवर कागद लाव आणि मुलांना प्रश्न पडला की आधी तो लिहायचा. इंटरनेट लगेच उघडायचं नाही. त्याखाली आपला अंदाज लिहायचा. मग घरातल्या कुणाला तरी विचारायचं. त्यानंतर मराठी विश्वकोश, तो वाईला तयार झाला, आता सगळा ऑनलाइन मोफत आहे, किंवा मराठी विकिपीडिया. शेवटी व्हिडिओ. हल्ली बोलून विचारलं की उत्तर देणारी यंत्रंही आहेत. ती विचारली तर विचारू दे, पण त्यांचं उत्तर विश्वकोशाशी ताडून बघायची सवय लाव. कधी दोन्हींत फरक निघेल, त्या दिवशी थोरल्याला सगळ्यात जास्त शिकायला मिळेल.

आणि मुलांना काय शिकलात, असं विचारू नकोस. परीक्षा घेतल्यासारखं वाटतं. दाखव, म्हण. पिपाणी दाखव, तो तारा दाखव, तो ठोकळ्यांचा खेळ मला खेळू दे. मग त्यांचं ऐकताना हातातला फोन ठेव. तू बघत असताना मूल जेवढं समजावून सांगतं तेवढंच त्याला कळलेलं असतं.

अमेरिकेतल्या तुझ्या भावाच्या मुलीलाही यात घे. आपल्याकडे रविवारी संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा न्यू जर्सीत सकाळ असते. व्हिडिओ कॉलवर पडदा वाटून घ्यायचा आणि स्टोरीवीव्हरची एक मराठी गोष्ट तिघांनी मिळून वाचायची, एक पान तिने, एक पान धाकटीने, अवघड शब्द थोरल्याने सांगायचा. तिचं मराठी बोलणं आणि धाकटीचं वाचणं दोन्ही सुधारेल. पहिल्या महिन्यात गोष्ट मी निवडते, पुढच्या महिन्यापासून त्यांना निवडू दे. खोक्यात सेल आणि स्ट्रॉ भरून ठेव. मी दिवाळीला येते तेव्हा वाइंडिंगची तार घेऊन येईन.